सातबारा वाचायला शिकताना



मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. करून नोकरीला लागले तेव्हापासून बहुतेक वर्षं माझ्याकडे खालचेच वर्ग. बाराखडी, जोडाक्षरं, वाक्य आणि मग उतारा. काही मुलं उतारा धडाधडा वाचतात, पण "मग पुढं काय झालं?" असं विचारलं की गप्प बसतात. अशा वेळी मी पालकांना सांगते, "याला अजून वाचता येत नाही, नुसती अक्षरं ओळखता येतात." हे वाक्य मी पालकसभेत कितीदा बोलले असेन, त्याची गणती नाही. २०२० साली हेच वाक्य मला स्वतःला ऐकावं लागलं. तो उतारा होता सातबाऱ्याचा.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातलं. सासर सांगलीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. गाद्या, धान्य, मुलांची पुस्तकं सगळं गेलं. माझं डी.एड.चं प्रमाणपत्र मी दोरीवर चिमटे लावून वाळवलं. त्याच दिवशी आमचं दोघांचं ठरलं, की कितीही लहान असो, पण उंचावर स्वतःची जागा घ्यायची.

दोघांची शिल्लक आणि पतसंस्थेचं कर्ज धरून आठ लाखांचा आकडा जमत होता. मिरज तालुक्यातल्या एका गावाजवळ दोन गुंठे जागा आहे, असं एका मध्यस्थाने सांगितलं. जागा पाहिली. रस्ता होता, शेजारी दोन घरं उभी होती, पुराचं पाणी तिथवर कधी आलं नव्हतं. मध्यस्थाने मोबाईलवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला आणि म्हणाला, "मॅडम, सातबारा एकदम कोरा हाय. एक रुपयाचा बोजा न्हाई. निवांत राहा."

'सातबारा कोरा' हे शब्द आपण निवडणुकीच्या भाषणांत इतके ऐकलेत, की कोरा म्हणजे चांगला, हे डोक्यात पक्कं बसलंय. मी फोटो उघडला, वरचं गावाचं नाव वाचलं, विकणाऱ्याचं नाव वाचलं आणि मोबाईल बाजूला ठेवला. ५१ हजार रुपये विसार दिला. विसार पावतीवर सही केली. पावतीही वाचली नव्हती, ते पुढे कळलं.

कागद खऱ्या अर्थाने पहिल्यांदा वाचला तो माझ्या सासऱ्यांनी. ते सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. जेमतेम सातवी शिकलेले, पण आयुष्यभर खातेवही लिहिलेली. त्यांनी फोटोची प्रिंट काढून आणायला लावली, चष्म्यावर भिंग धरलं आणि वरून खाली एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. उजवीकडच्या रकान्यावर बोट थांबलं.

"सूनबाई, इथं तीन बायकांची नावं आहेत. ह्या कोण?"

मी म्हटलं, "ते इतर हक्क आहेत, बाबा. त्याला काही महत्त्व नसतं, असं ते मध्यस्थ म्हणाले."

"महत्त्व नसतं तर सरकार छापेल कशाला?" एवढंच बोलून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पहिला, या तिघी कोण आणि त्यांची संमती आहे का? दुसरा, शेतजमिनीचा दोन गुंठ्यांचा तुकडा तुम्हाला कोणत्या कागदाने देणार? यावर मध्यस्थाचं उत्तर आमच्याकडे होतं. सध्या नोटरी करून साठेखत करू, खरेदीखत नंतर. वकीलबाई म्हणाल्या, "साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. शिवाय तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. प्रमाणापेक्षा लहान तुकडा करून शेतजमीन विकायला तो आडवा येतो. म्हणून तर तुम्हाला नोटरी सुचवतायत."

तिसरा प्रश्न त्यांनी मला विचारला. "तुम्ही शेतकरी आहात का? म्हणजे महाराष्ट्रात कुठल्या तरी सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही."

मी म्हटलं, "आहे की. माहेरच्या जमिनीवर आहे. वडील २०१२ ला वारले तेव्हा वारस म्हणून आम्हा सगळ्यांची नावं लागली."

त्या रात्री मी डिजिटल सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपये भरून माहेरच्या गटाचा उतारा काढला. आईचं नाव होतं. दादाचं नाव होतं. माझं नव्हतं.

आधी वाटलं, गट नंबर चुकला. परत काढला, तोच. मग ८अ काढला, त्यातही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गाडी धरून माहेरी गेले आणि जुना हस्तलिखित सातबारा व फेरफाराची नक्कल मागून घेतली. जुन्या उताऱ्यावर माझं नाव होतं, पण कंसात. ज्यांना जुने उतारे माहीत आहेत त्यांना कळेल, नावाला कंस केला म्हणजे ते नाव कमी झालं. शेजारी फेरफाराचा नंबर होता. फेरफारात लिहिलं होतं, की २०१४ च्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राने मी माझा हिस्सा विनामोबदला भावाला सोडून दिला आहे.

मला तो दिवस आठवला. दादाचा फोन आला होता, "सोसायटीच्या पीककर्जाला दरवर्षी सगळ्यांच्या सह्या लागत्यात. तुला एवढ्या लांबनं किती वेळा बोलवायचं? एकदाच कागद करून टाकू." मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात गर्दी होती. धाकटा मुलगा कडेवर होता. फोटो काढला, अंगठा मशिनवर ठेवला, पाच-सहा पानांवर "इथं, इथं आणि इथं" सह्या केल्या. वहिनीने दिलेली साडी घेऊन संध्याकाळी सांगलीला परत आले. पानावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी अंगठेबहाद्दर आज्यांनी असेच कागद केले असतील. मी तर डी.एड. झालेली, वाचन शिकवणारी बाई.

दादाला विचारलं तेव्हा मी चिडलेली होते. तो ओसरीत बसला होता. म्हणाला, "मी फसवलं न्हाई गं तुला. त्या लिहिणाऱ्यानं सांगितलं असाच कागद करत्यात, म्हणून केला. मी तरी कुठं वाचला? मला वाटलं, तू शिकलेली हायस, तू वाचून सही केली असशील."

यावर मला बोलता येईना. तो माझ्या भरवशावर होता आणि मी त्याच्या. कागद मात्र आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "परत नाव लावायचं असंल तर सांग. जे काय करायचं ते करू." आई चुलीपाशी होती. इतका वेळ ती काही बोलली नव्हती. तिने तिथूनच विचारलं, "माझं नाव हाय का गं त्यात अजून?"

"आहे, आई."

"मग ते तेवढं कुणी काढू नका."

मी आजपर्यंत माझा हिस्सा परत मागितलेला नाही. दादा त्या जमिनीवर राबतो, आईला सांभाळतो, आणि कदाचित वाचून समजून घेऊनही मी तीच सही केली असती. पण ती माझी सही झाली असती. आता ती नुसती अक्षरं आहेत.

सोमवारी मी सांगलीत परत आले तेव्हा त्या दुसऱ्या सातबाऱ्यावरची तीन नावं मला वेगळी दिसायला लागली. जुना फेरफार काढून पाहिला. वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा कब्जेदार म्हणून लागला होता आणि तिन्ही मुली इतर हक्कात. जमिनीचे मालक घरी आले. वयस्कर, साधा माणूस. म्हणाले, "बहिणींचं काय ओ, त्या न्हाई म्हणत न्हाईत. दरवर्षी चोळी-बांगडी करतो की."

मी विचारलं, "काका, त्यांना विचारलंय का?"

ते खाली बघत राहिले. मध्यस्थ मध्येच म्हणाला, "मॅडम, त्या लग्न होऊन गेल्यात."

"मीपण लग्न होऊन आलेलीच आहे," मी म्हटलं.

मध्यस्थाने शेवटी हेही सुचवलं, की शेतकरी असल्याचा दाखला कुठून तरी "बघून" देतो. तिथे आम्ही थांबलो. विसार पावतीत एक ओळ होती, 'घेणार यांनी खरेदी न घेतल्यास विसार रक्कम जप्त होईल.' पुष्कळ फेऱ्या मारून ३० हजार परत मिळाले. २१ हजार गेले. ती माझी शिकवणीची फी.

मग मी सातबारा कसा वाचायला शिकले

त्या उन्हाळ्यात लॉकडाऊन लागला. शाळा बंद होत्या. मी घरातले सगळे उतारे घेऊन बसले आणि सासऱ्यांसारखं बोट ठेवून वाचायला लागले. जे समजलं ते तुम्हाला शिक्षकाच्या पद्धतीने सांगते.

सातबारा हा एक कागद दिसतो, पण ते दोन नमुने आहेत. गावाच्या महसुली दप्तरात नमुने आहेत, त्यातला नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. वरच्या भागात जमीन कुणाकडे आहे ते कळतं, खालच्या भागात तिथे काय पिकतं ते.

सगळ्यात वर गट क्रमांक आणि भूधारणा पद्धती असते. तिथे 'भोगवटादार वर्ग १' असेल तर जमीन विकायला सहसा शासनाची परवानगी लागत नाही. 'वर्ग २' असेल तर थांबायचं. वतनाच्या, शासनाने वाटप केलेल्या, पुनर्वसनात दिलेल्या जमिनी बहुधा या वर्गात असतात आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांचं हस्तांतर करता येत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कोयना, धोम, वारणा या धरणांच्या विस्थापितांची गावं वसली आहेत, त्यामुळे ही ओळ आपण तरी सोडून चालणार नाही.

डावीकडे भोगवटादारांची नावं, खाते क्रमांक, क्षेत्र आणि आकार. एकापेक्षा जास्त नावं असतील तर प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं लिहिलंय की सामाईक आहे, ते पाहायचं. सामाईक क्षेत्रातला एक जण "हा कोपरा माझा" म्हणून दाखवत असेल, तर तो कोपरा कागदावर त्याचा नाही. जुन्या उताऱ्यांत 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं असलं तरी तो सगळ्या कुटुंबाच्या वतीने लागलेला आहे. बाकीचे भाऊ-बहीण त्या तीन अक्षरांच्या मागे उभे असतात.

उजवीकडे कुळाचं नाव आणि इतर अधिकार. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा इथे असतो. तो नसला की लोक सातबारा कोरा म्हणतात. पण याच रकान्यात विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, न्यायालयातला दावा, हस्तांतरावरची बंदी आणि बहिणींची, विधवांची नावं असतात. पूर्वी वारस नोंद करताना मुलींना इतर हक्कात टाकायची पद्धत होती. नाव कोणत्या रकान्यात आहे यावर वारसाचा हक्क ठरत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. वडील २००५ मध्ये हयात नसले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. आमचा व्यवहार मोडला त्याच वर्षी.

प्रत्येक नावाशेजारी एक लहान आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. माझ्या मते सातबाऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. नाव सांगतं कोण आहे, फेरफार सांगतो तो तिथे कसा आला. वारसाने, खरेदीने, वाटपाने, बक्षीसपत्राने की हक्कसोडीने. फेरफार मंजूर करण्याआधी संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला १५ दिवस असतात. घरी अशी नोटीस आली तर ती उघडून वाचा. ती घड्याळामागे खोचून ठेवायचा कागद नाही. डिजिटल उताऱ्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक, तारीख आणि प्रलंबित फेरफार आहे का, हेही छापलेलं असतं.

आणि एवढं सगळं वाचूनही एक लक्षात ठेवायचं. सातबारा मुळात महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेली नोंद आहे. जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. पण मालकीचा शेवटचा पुरावा तो नाही. मालकी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा यांतून येते.

बाकीचे कागद, थोडक्यात

८अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे त्याची नोंद. ग्रामपंचायतीचा 'नमुना नंबर ८' वेगळा, तो घरपट्टीच्या आकारणीचा. दोन्हींत आठ आहे म्हणून पुष्कळांची गल्लत होते. घरपट्टी भरली म्हणून जागेची मालकी सिद्ध होत नाही.

सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहायची, तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. प्लॉट असेल तर अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन मागायचं. एजंटाने रंगीत छापलेला नकाशा म्हणजे मंजूर रेखांकन नाही, त्यावर मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का लागतो. नदीकाठच्या गावात निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारायचं. भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यायची आणि खरेदीखतातली चतुःसीमा जागेवर उभं राहून जुळवायची.

वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. खरेदीखत झाल्यावर सूची क्रमांक दोन, म्हणजे लोक ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात, ती प्रत घ्यायची आणि सातबाऱ्याला आपलं नाव लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतात, पण नोंदणी झाली म्हणजे विकणाऱ्याची मालकी कुणी तपासून दिली, असं होत नाही. ते काम आपलं. तुकडेबंदीसारखे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशी लागू असलेला नियम विचारूनच पुढे जायचं.

हा प्रश्न जुनाच आहे

लॉकडाऊनमध्ये वाचताना मला आणखी एक गोष्ट कळली. माझं माहेर आणि सासर पूर्वी एकाच नकाशात होतं. इंग्रजांच्या काळात तासगाव, खानापूर, वाळवा हे भाग सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.

त्या जुन्या सातारा जिल्ह्यासाठी १८७९ साली एक कायदा झाला होता. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून उठाव सुरू झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. त्यांनी कागद जाळले, कारण जमीन त्या कागदांनी जात होती आणि कागदात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. मग सरकारने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा केला. शेतकऱ्याने लिहून दिलेला कर्जाचा वा गहाणाचा दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला नसेल, तर कोर्टाने तो पुरावा म्हणून धरू नये, अशी त्यात तरतूद होती. महात्मा फुले यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातलं. त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला. अविद्येमुळे शेतकरी कसा नागवला जातो, हेच त्यांचं सांगणं होतं.

आज आपल्या गावात शाळा आहे, प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, पंधरा रुपयांत सातबारा मिळतो. तरी माझ्यासारखी शिक्षिका न वाचता सही करते. म्हणजे फुल्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

वर्गात काय केलं

पुढे माझ्याकडे चौथीचा वर्ग आला. मापनाचा पाठ चालू असताना मी नमुना म्हणून एक काल्पनिक सातबारा फळ्यावर काढला. खरा उतारा घेतला नाही, गावात कुणाचंही नाव उघडं पडायला नको. क्षेत्राच्या रकान्यात '०.४०.००' लिहिलं आणि विचारलं, किती जमीन? मुलं म्हणाली, "शून्य पॉइंट चाळीस." मग समजावलं, की इथले ठिपके दशांश चिन्हासारखे वाचायचे नाहीत. पहिला आकडा हेक्टर, दुसरा आर, तिसरा चौरस मीटर. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर, १०० आर म्हणजे एक हेक्टर. एक गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे एक आरपेक्षा जरासा मोठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. मग मुलांनीच सांगितलं, "बाई, हे जवळजवळ एक एकर झालं." मैदानावर चुन्याने एक आर आखला. दहा मीटर बाय दहा मीटर. सगळा वर्ग त्यात उभा राहिला, तरी जागा उरली.

घरचा अभ्यास एवढाच दिला, की घरात आजी-आजोबांना विचारा, आपल्या गटाचं नाव काय? कुणी 'माळाचं', कुणी 'विहिरीखालचं', कुणी 'पट्टी' अशी नावं आणली. ज्यांच्या घरी जमीन नव्हती, त्यांना वीजबिल आणायला सांगितलं होतं. त्यावरही नाव, तारीख, आकडे वाचायचे असतातच. एकाही मुलाला आपल्याकडे कागद नाही, असं वाटू दिलं नाही.

नंतरच्या पालकसभेत तोच काल्पनिक उतारा आयांना दिला. सुरुवातीला सगळ्या हसल्या, "बाई, हे आमच्या मालकांचं काम." मी माझीच गोष्ट सांगितली. हसणं थांबलं. मागे बसलेल्या एक जणी बराच वेळ उजवीकडचा रकाना पाहत होत्या. सभा संपल्यावर माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, माझ्या माहेरचा काढून द्याल का? सही मागाय येणार हायत दिवाळीला." मी त्यांना उतारा काढायला शिकवलं. पुढे त्यांनी सही केली की नाही, ते मी विचारलं नाही. तो त्यांचा निर्णय. वाचून केली असेल, एवढी खात्री आहे.

२०२२ मध्ये आम्ही अकृषिक प्लॉट घेतला. सव्वा गुंठ्याचा. आधी ठरवला होता त्याच्यापेक्षा लहान, पण कागद पूर्ण. खरेदीखताच्या दिवशी दादा कोरेगावहून आला होता. नोंदणी कार्यालयात सहीची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने पानं पुढे करून बोटाने जागा दाखवायला सुरुवात केली, "इथं, इथं आणि इथं." दादानेच त्यांना थांबवलं. "थांबा जरा. तिला आधी वाचू द्या."

मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मागे रांगेतली माणसं कुरकुरत होती. अठरा मिनिटं लागली. माझ्या वर्गातल्या मुलाला मी एका उताऱ्यासाठी यापेक्षा जास्त वेळ देते.